सरपणाचा वाटा

द्वारकाबाईंना घरातली माणसं मोजायची झाली की त्या डोकी मोजत नाहीत, भाकरी मोजतात. हर्षदीपच्या घरच्या पाच, वृषालीच्या सात आणि सुरजच्या अकरा, असा त्यांचा हिशेब. सुरजच्या घरी माणसं काही जास्त नाहीत. पण दिवसभर अंग मोडून आलेल्या माणसाची भूक आणि खुर्चीवर बसून आलेल्या माणसाची भूक एक नसते, हे त्यांनी परातीपुढे बसून आयुष्यभर पाहिलेलं. हर्षदीपच्या लेकीनं, मैत्रीनं, एकदा हसून विचारलं होतं, "आजी, मी किती भाकरीची?" तेव्हा त्या म्हणाल्या, "तू अर्ध्या भाकरीची. अन् तेयी मोबाइल पाहता पाहता."

यंदा उन्हं तापायला लागली तशा त्या पुन्हा भाकरी मोजायला लागल्या. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, संध्याकाळी तिन्ही लेकरं एका ठिकाणी जेवली पाहिजेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्यांच्या घरात मधून राज्याची सीमा गेलेली आहे. धाकटा हर्षदीप तेलंगणात, आदिलाबादला एका ऑफिसात कारकून; द्वारकाबाई त्याच्याकडंच राहतात. त्याची बायको अर्पिता तिथंच खासगी शाळेत शिकवते. तिला मोठी सुट्टी दसऱ्याला. लेक वृषाली पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रात, पांढरकवड्याला दिलेली. तिचा नवरा जीवन तिकडच्या शाळेत मास्तर, त्याला मोठी सुट्टी दिवाळीला. हे रिकामे असतात तेव्हा ते कामात, ते रिकामे तेव्हा हे कामात. आणि थोरला सुरज जैनथजवळच्या गावातून आदिलाबादपर्यंत ऑटो चालवतो. त्याला सुट्टी नाहीच. उलट जग सुट्टीवर असतं तेव्हा त्याच्या ऑटोला सवाऱ्या मिळतात. नदीच्या दोन्ही काठांना सुट्टी आणि सुरजही ऑटो उभा करील, असा जयंती सोडून दुसरा दिवस नाही.

मागच्या वर्षी हे जेवण हर्षदीपनं ठरवलं होतं. त्यानं चांगल्या मनानंच ठरवलं होतं. आईला त्रास नको म्हणून जेवण केटरिंगवाल्याकडून मागवलं, आणि खर्चाचे तीन सारखे वाटे करून फोनवरच्या घरच्या ग्रुपात टाकले. वृषालीनं लगेच पैसे पाठवले. सुरजचं काही आलं नाही. दोन दिवसांनी हर्षदीपनं त्याच ग्रुपात लिहिलं, 'दादा, तू नको देऊ, तुझा मी भरतो.' जयंतीच्या संध्याकाळी सुरजचा फोन आला. लांबची सवारी लागली म्हणाला. सगळे जेवले. पनीरची भाजी उरली. द्वारकाबाईंनी चार घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाल्या.

सवारी वगैरे काही नव्हती. ते पुढं पावसाळ्यात सुरजच्या बायकोच्या, चंदाच्या, तोंडून निघून गेलं. "त्या महिन्यात ऑटोचा टायर घेतला व्हता, आत्याबाई. वाटा कुठून देतात? अन् भाऊजींनं सगळ्याईच्या पुढं माफ करून टाकला. घरात बसून राह्यले हे दिवसभर. जेवलेयी नाही."

तेव्हापासून द्वारकाबाईंनी मनात गाठ मारली होती. यंदा जेवण आपण ठरवायचं, आणि पैशाचं नावसुद्धा कोणी काढायचं नाही.

कमी पैशात पुष्कळ माणसं पोटभर जेववायची, तर त्यांच्या भागात एकच नाव तोंडात येतं. रोडगे. गव्हाचं जाडसर पीठ, त्याच्या तेल लावलेल्या चकत्या एकावर एक ठेवून बांधलेला गोळा, आणि तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. त्यांनी त्याला जोड दिली खिरीची, कारण जयंतीला गोड पाहिजे. आता रेशनवर बारीक तांदूळ मिळतो, त्याची खीर बरी होते.

मग त्यांनी एक नियम काढला, आणि या नियमाचा त्यांना फार अभिमान वाटला. कोणी काही विकत आणायचं नाही. ज्याच्या घरी जे आहे ते त्यानं आणायचं. जीवनच्या शेतात तूर होते, तेव्हा डाळ वृषालीची. अर्पिताचं माहेर तामसीकडचं, तिथं म्हशी आहेत, तेव्हा तूप हर्षदीपकडून.

"आई, तूप माह्या घरचं नाही, सासरचं आहे," हर्षदीप म्हणाला.

"मंग तुह्या घरचं काय आहे? प्यायचं पाणीयी तुमी जारचं घेता."

अर्पिता स्वयंपाकघरातून हसली. गहू मात्र द्वारकाबाईंनी पेन्शनच्या पैशातून आणले आणि गिरणीत जाडसर दळून घेतले. मैत्रीनं विचारलं, "आजी, हे तर विकतचं झालं नं?" त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाले नियम नसते."

राहिला सुरज. त्याच्यासाठी त्यांनी सगळ्यात जास्त विचार केला होता. त्याला एक पैसा लागू नये, आणि तरी त्याच्या वस्तूवाचून जेवण होऊ नये, असं काहीतरी पाहिजे होतं. ते सापडलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्या एकट्याच हसल्या. रोडग्यांना विस्तव लागतो. कापूस निघून गेल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या या दिवसांत बांधाबांधावर पडलेल्या असतात, कोणीही न्या. सुरजच्या दारात गाय आहे, भिंतीला गोवऱ्या रचलेल्या आहेत. ऑटो त्याचाच. मागच्या सीटवर भारा टाकला की झालं.

घरच्या ग्रुपात निरोप बोलायला मैत्रीनं फोन धरला. "आजी, हे दाबून बोल. ओरडू नको, त्याईले ऐकू येते."

द्वारकाबाई तरी ओरडूनच बोलल्या. "वृषाली, तू डाळ आणजो. हर्षदीपकडून तूप आहे. गहू, तांदूळ, वांगे माह्याकडं. अन् सुरज, तू सरपन आणजो बापा. पऱ्हाट्या अन् गवऱ्या. दुपारपर्यंत आण, म्हंजे विस्तव वेळेवर होईन."

वृषालीचं उत्तर लगेच आलं, डाळ किती आणू म्हणून. हर्षदीपनं शेजारच्या खोलीतूनच अंगठा पाठवला. सुरजचं काही आलं नाही.

"ऐकलं त्यानं," मैत्री फोन पाहून म्हणाली. "निळं झालं."

सुरजची एक सवय होती. आदिलाबादला सवारी सोडली की परतीचे लोक जमेपर्यंत तो कॉलनीत यायचा, ऑटो फाटकाबाहेर लावायचा आणि उभ्याउभ्याच चहा प्यायचा. बस म्हटलं तर म्हणायचा, "बसलो तं सवारी जाईन." त्या निरोपानंतर तो चहाला आला नाही. एक दिवस झाला, दोन झाले. द्वारकाबाई दुपारी आधण जास्तीचं ठेवायच्या आणि संध्याकाळी तो उरलेला चहा गरम करून स्वतः प्यायच्या. आठवडा झाला. एकदा त्यांना कॉलनीच्या तोंडाशी त्याचा ऑटो दिसला. ऑटो वळला नाही, सरळ गेला.

त्या रात्री झोपताना त्यांना वाटलं, यंदाही तो येणार नाही. आपण पैसा काढून टाकला, तरी हा काऊन रुसला?

दुसऱ्या दिवशी त्या बसस्टँडवर गेल्या. बायांना बसचं तिकीट लागत नाही, तेव्हा घरी कोणाला सांगायचीही गरज पडली नाही. जैनथला उतरून पुढं त्या चालत निघाल्या. हे गाव मारोतीचं, म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं. लग्न होऊन त्या इथंच आल्या होत्या. पुढं पोटापाण्यासाठी सगळे आदिलाबादला गेले, मारोती कापसाच्या मार्केट यार्डात वॉचमन झाला, पण गावातली घरापुरती जागा तेवढी राहिली होती. लग्नानंतर शहरातलं भाडं परवडेना तेव्हा सुरज त्या जागेवर टिनाचं घर बांधून राहायला आला. मारोतीला ते आवडलं नव्हतं. "ज्या गावातून निंघालो तिथंच काऊन चालला?" एवढंच तो म्हणाला होता.

अंगणात कडुलिंबाखाली चंदा गाईला पाणी दाखवत होती. सासूला पाहून तिनं बादली खाली ठेवली. "जय भीम, आत्याबाई. एकट्याच आल्या उन्हाच्या? फोन तं कराचा."

"फोन केला असता तं तुहा नवरा घरून पळाला असता."

चंदा हसली नाही. द्वारकाबाईंनी पाणी प्यायलं आणि अंगणात नजर फिरवली. भिंतीशी पऱ्हाट्या पडलेल्या होत्या. चांगल्या वाळलेल्या, सारख्या लांबीच्या, निवडून आणलेल्या. पण भारा बांधलेला नव्हता. दोरी बाजूला पडली होती.

"आणल्या तं आहेत," त्या म्हणाल्या.

"आणल्या. बांधल्या. मंग सोडल्या. काल पुन्हा बांधल्या अन् पुन्हा सोडल्या. मी म्हटलं, हे काय पोरखेळ करून राह्यले? तं माह्यावर डोळे काढले." चंदा जवळ येऊन बसली. "मले काई सांगत नाही, आत्याबाई. तुमीच विचारा."

सुरज आला तेव्हा ऊन कललं होतं. आईला पाहून तो ऑटोतच थोडा वेळ बसून राहिला. मग उतरला, हातपाय धुतले आणि खाटेच्या टोकाला बसला.

"चहाले काऊन येत नाही?"

"वेळ नाही भेटत."

"सवारी जाते म्हणून उभ्यानं पेत होता. आता उभं राहाले यी वेळ नाही?"

सुरज खाली पाहून टॉवेलाची दशी ओढत राहिला.

"मी काई चुकली का?" द्वारकाबाईंनी विचारलं. "पैसे नको म्हटले नं मी कोणालेच? तुह्या जिवासाठीच तं एवढा खटाटोप केला. सरपनाले काय लागते?"

"काई लागत नाही. तेच तं."

"मंग?"

"डाळ त्याईची, तूप त्याईचं. अन् सरपन माहं." आवाज चढला नव्हता. उलट उतरलाच होता. "माय, बाबानं जो भारा रस्त्यावर टाकला, तो तू उचलून माह्या डोक्यावर ठेवला."

द्वारकाबाईंचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला.

या गोष्टीला खूप वर्षं झाली होती. गावात, ज्याच्या शेतात ते राबत त्या मालकाच्या घरी लग्न होतं. कोणाच्याही घरी लग्न असलं की त्यांच्या वस्तीनं सरपण आणायचं, ते फोडायचं, चुलीपर्यंत नेऊन टाकायचं, आणि मग मांडवाबाहेर बसून राहायचं. सगळ्या पंगती उठल्यावर उरलेलं फडक्यात बांधून मिळायचं. याला कोणी मजुरी म्हणत नव्हतं आणि आमंत्रणही म्हणत नव्हतं. त्या वेळी मारोती तरणा होता. डोक्यावर भारा घेऊन तो निघाला होता, आणि सुरज, तेव्हा लहान, त्याच्या मागून चार काटक्यांची मोळी घेऊन चालला होता. चिंचेच्या वळणावर मालकाचा माणूस भेटला. मारोती म्हणाला, "सरपन आणतो. पण आज पंगतीत बसन." माणूस हसला. म्हणाला, "तुमाले कोणी उपाशी ठेवलं का कधी?" मारोतीनं मान झुकवली आणि भारा तिथंच रस्त्यावर पडू दिला. मागं वळून पोराला म्हणाला, "टाक तुहीयी." सुरजनं टाकली. बापलेक रिकाम्या हातानं घरी आले.

त्यानंतर त्यांना गावात कोणी काम दिलं नाही. म्हणूनच ते आदिलाबादला गेले. हर्षदीप तिथं जन्मला, वृषालीही तिथंच. त्यांनी बापाला वॉचमनच्या खाकी कपड्यांतच पाहिलं. सुरजनं मात्र तो भारा पडताना पाहिला होता.

आणि द्वारकाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. बापलेक रिकाम्या हातानं आले तेव्हा दार त्यांनीच उघडलं होतं. मग विसरल्या कशा? घरात गॅस आला त्याला किती वर्षं झाली. सरपण म्हणजे आता त्यांच्यासाठी नुसतं सरपण झालं होतं, गव्हासारखं, डाळीसारखं. ज्या गोष्टीपायी घर सोडलं ती गोष्ट इतकी हलकी होऊ शकते, याचं त्यांना नवल वाटलं, आणि लाजही वाटली. आपल्याला हलकी झाली म्हणून लेकराला झाली असेल, असं आपण धरून चाललो.

"चुकलीच मी," त्या म्हणाल्या.

सुरज एकदम म्हणाला, "तसं नाही व माय. तू मुद्दाम थोडीच म्हटलं? मलेयी समजते. म्हणून तं बांधला भारा. पण ऑटोत टाकाले गेलो का हात चालत नाही. भावाच्या दारात सरपन घेऊन उतराचं, अन् मंग जेवाले बसाचं." तो थांबला. "घास नाही उतरनार."

"मंग काय आणतो तू? पैसे देतो?"

"पैसे नाहीत."

चंदा मधेच बोलली. "गायीचं दूध देऊ ना. खिरीले लागनच."

"दूध ऑटोत नेता नेता फाटन या उन्हात," सुरज म्हणाला.

गाय शेपटी हलवत होती. द्वारकाबाई त्या सुटलेल्या पऱ्हाट्यांकडे पाहत होत्या. त्यांच्या मनात दुसरं काहीतरी जुळत होतं. आयुष्यभर त्यांनी कमीतल्या कमीत स्वयंपाक जमवला होता, आणि त्यातली युक्ती नेहमी एकच होती. जी वस्तू हलत नाही तिथं बाकीच्या वस्तू न्यायच्या. दगडाची चूल हलत नाही, तेव्हा भांडं चुलीकडे न्यायचं.

"नको आणू सरपन," त्या म्हणाल्या. "राहू दे इथंच. जेवन इथं येईन."

"कुठं?"

"या लिंबाखाली. विस्तव तुह्या दारात. डाळ घेऊन येईन वृषाली, तूप घेऊन येईन हर्षदीप. तुह्या घरी येतील ते, पाहुणे म्हणून. तू कोणाच्या दारात जायचं नाही."

"माह्या घरी?" सुरज उठून उभा राहिला. "माय, इथं कुठं बसवाचं त्याईले? हर्षदीपच्या घरी सोफा आहे. अर्पिता बसन का मातीत? ताटं चार आहेत घरात."

"पाचव्याले पोचे पडले आहेत," चंदा म्हणाली. "ते माहं." आणि मग नवऱ्याकडं न पाहता सासूला म्हणाली, "पत्रावळीवर जेवू, आत्याबाई. शेन-सडा मी करून ठेवीन. दूध इथलं इथंच, फाटाचा सवाल नाही. तुमी बिनघोर जा."

सुरज हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. आईला जैनथच्या स्टँडवर सोडायला मात्र त्यानं ऑटो काढला. चिंचेच्या वळणावर त्यानं ऑटो थोडा हळू केला.

घरी गेल्यावर दुसरं रामायण झालं. अर्पिता म्हणाली, "आई, तिथं अंधार पडला की किडे किती असतात, अन् मैत्रीला बाथरूम?" हर्षदीप म्हणाला, "आमी सगळं इथं ठरवलं आता. शेजारी ताराबाईलेयी सांगतलं, जयंतीचं जेवण आमच्या घरी आहे म्हणून. अन् दादाले दुपारपर्यंत एक भारा आणाले एवढं काय जड जाते? मी ऑटोचे पैसे देतो त्याले."

"हेच," द्वारकाबाई म्हणाल्या. "हेच नको करू तू कधी."

मग त्यांनी धाकट्याला समोर बसवलं आणि भाऱ्याची गोष्ट सांगितली. नीट सांगता आली नाही. मधेच पाणी प्यायल्या, मधेच मागं गेल्या.

"बाबानं मले हे कधीच सांगतलं नाही," शेवटी तो म्हणाला.

"तुले सांगून काय करते? तू तं यार्डात जन्मला. त्यानं तुले त्याच्यासाठीच तिथं जन्माले घातलं."

हर्षदीप उठून खिडकीशी गेला. मग ग्रुपात लिहिलं, 'जेवण दादाकडं आहे. सगळ्यांनी दिवस बुडायच्या आत यायचं.' खाली सुरजचं उत्तर आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते पहिलं उत्तर होतं. 'या.' एवढंच.

चौदाच्या सकाळी आदिलाबाद निळं झालं होतं. पुतळ्याला हार घालून, वंदना करून, मिरवणूक थोडी पाहून हर्षदीपच्या घरचे गाडीनं निघाले. द्वारकाबाईंच्या मांडीवर पिठाचा डबा होता, मैत्रीच्या मांडीवर तूप. वांगी मागं पायाशी. आदल्या दिवशी बाजार उठता उठता त्यांनी ती घेतली होती, तेव्हा भाजीवाली तेलुगूत कावत होती आणि घरी जायच्या घाईत होती. वृषाली आणि जीवन पांढरकवड्याहून नदीपलीकडून येऊन आधीच पोचले होते. वृषालीनं येताच पदर खोचला होता आणि चंदाशी कशावरून तरी भांडण काढलं होतं. खिरीत वेलची घालायची की जायफळ, यावरून.

अंगण सारवलेलं होतं. लिंबाला निळा झेंडा बांधलेला होता. सुरज पांढऱ्या शर्टात दारात उभा होता आणि त्याला हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

"या," तो म्हणाला. फोनवर लिहिलं होतं तसंच.

अर्पितानं इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ जाऊन वांग्यांपुढं मातीत फतकल मारून बसली. "विळी द्या, जाऊबाई. बसून बसून शाळेत पाठ मोडली, इथं तरी काम द्या." द्वारकाबाईंनी मनात तिच्या नावापुढं एक भाकर वाढवली.

भिंतीजवळच्या पऱ्हाट्या विस्तवाला पुरतील असं वाटलं होतं, पण माणसं वाढली होती. शेजारचे वामनराव आणि त्यांची म्हातारी यांना चंदानं सांगून ठेवलेलं, आणि वामनराव तर गावातलं सगळ्यात जुनं माणूस. "बांधावर अजून आहेत, आणतो," म्हणून सुरज निघाला. हर्षदीप चप्पल घालून त्याच्यामागं गेला.

परत येताना भारा हर्षदीपच्या डोक्यावर होता. एक तर त्याला डोक्यावर काही न्यायची सवय नाही, त्यात भारा वाकडा बांधलेला. मान कडक, दोन्ही हात वर, आणि नव्या शर्टाला पाठीमागून धसकटांच्या रेघा. वस्तीतल्या बाया दारात येऊन पाहू लागल्या. सुरज मागून रिकाम्या हातानं चालत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, हसूही नव्हतं.

"बाबू, सरळ चाल," तो म्हणाला. "ऑफिसात फाइल नेत नाही तू."

"दादा, ते वळण कोणतं?"

"आताच मागं गेलं. चिंच होती ना, तेच. तुले सांगनारच होतो. पण तू थांबला असता."

हर्षदीप थांबला नाही. अंगणात येऊन त्यानं भारा टाकला तो असा, की दोरी सुटून अर्ध्या पऱ्हाट्या चंदाच्या पायावर. "भाऊजी, जीव घेता का!" म्हणून ती ओरडली आणि सगळे हसले. सुरजही हसला. द्वारकाबाईंनी ते हसू पाहिलं आणि पिठाकडं वळल्या.

विस्तव चांगला झाला. पहिल्या खेपेचे रोडगे निखाऱ्यात पुरले, वर राख ओढली, आणि वास सुटायला लागला तसा वामनरावांचा खोकला थांबला. अंधार पडताना पंगत बसली. सगळे बसले, सुरज उभा. हातात वरणाचं पातेलं, खांद्यावर टॉवेल.

"बस ना दादा," वृषाली म्हणाली.

"मी मागून बसतो. घरचा माणूस मागूनच बसते."

खरंच तशी रीत होती, आणि त्याच्या आवाजात घरधन्याचा थोडा डौलही होता. पण द्वारकाबाईंना तो मागून शब्द आवडला नाही. त्या घरानं तो शब्द फार ऐकला होता. त्यांनी वृषालीकडे पाहिलं. वृषालीला गोष्ट माहीत नव्हती, पण आईची नजर माहीत होती. तिनं उठून भावाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि त्याला खांद्याला धरून तिच्या जागी बसवलं, हर्षदीप आणि वामनराव यांच्या मधे. पत्रावळीवर रोडगा फोडला, त्यात तूप ओतलं. तामसीचं तूप, पांढरकवड्याचं वरण, आणि रोडग्याला त्याच्या स्वतःच्या दारातल्या विस्तवाचा वास.

सुरजनं एक घास घेतला. मग दुसरा.

दुसऱ्या खेपेचा विस्तव मंदावला होता. चंदा खिरीत अडकली होती, अर्पिता भाजी वाढत होती. द्वारकाबाई उठल्या. सुटलेल्या भाऱ्यातल्या पऱ्हाट्या गोळा करून त्यांनी दोन्ही हातांनी कवेत घेतल्या आणि विस्तवाकडे निघाल्या. वय झालेलं, चाल हळू. सुरजनं मान वर केली. आई सरपण नेते आहे हे पाहून त्याचा हात पत्रावळीवरून उचलला गेला, तो अर्धा उठलाही.

"माय, ठेव ते. मी आणतो."

"बस," द्वारकाबाई म्हणाल्या.

"अवं पण—"

"पंगतीतून उठू नको. जेव."

त्या विस्तवापाशी गेल्या, पऱ्हाट्या मोडून आत घातल्या. जाळ वर आला. त्या उजेडात त्यांनी पंगतीकडं पाहिलं. सुरज खाली बसला होता. हर्षदीप त्याच्या पत्रावळीत आपलं वांगं टाकत होता आणि सुरज हातानं नको नको म्हणत होता.

चंदानं खिरीपाशी बसूनच विचारलं, "आत्याबाई, याईले अजून किती रोडगे काढू?"

द्वारकाबाईंनी पंगत पुन्हा एकदा मोजली.

"सुरजले दोन जास्त ठेव," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीचे राह्यले आहेत त्याचे."